गाडीचा धूर आणि आपला श्वास

(वाहनांमुळे आपला प्रवास सोपा झाला, पण त्यांच्या धुराने हवा बिघडली. हा धूर कसा तयार होतो, तो कमी करण्यासाठी कोणते प्रयत्न झाले आणि इंधनाची बचत व हवेची स्वच्छता यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मी सातवीत असताना आमच्या शेजारी एक रिक्षावाले चाचा राहत असत. मुंबईच्या उपनगरात ते दिवसभर रिक्षा चालवत. सकाळी रिक्षा सुरू केली, की मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघे. गल्लीतली मुले नाकावर हात धरून पळत सुटत. चाचांना मात्र पळता येत नसे. त्यांना त्याच धुरात बारा-बारा तास बसावे लागे.

चाचांना कायम खोकला असे. एकदा ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारले, "बिडी किती ओढता?" चाचा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी आयुष्यात बिडीला हात लावला नाही. पण रस्ता मला रोज धूर ओढायला लावतो."

चाचांचे हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. गाडी चालली तर पोट भरते आणि गाडीच्या धुराने छाती भरते. मग यातून वाटच नाही का? वाट आहे. ती शोधण्यासाठी शास्त्रज्ञ, कारागीर, न्यायालये आणि साधे नागरिक यांनी पुष्कळ खटपट केली आहे. तीच हकिगत आपण पाहू या.

प्रथम गाडीचे इंजिन कसे चालते ते समजून घेऊ. १८७६ साली जर्मनीच्या निकोलस ऑटो यांनी चार टप्प्यांत काम करणारे इंजिन तयार केले. आजही बहुतेक पेट्रोल गाड्यांचे इंजिन याच पद्धतीने चालते. पहिल्या टप्प्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घेतले जाते. दुसऱ्या टप्प्यात ते दाबले जाते. तिसऱ्या टप्प्यात ठिणगी पडून ते पेटते आणि दट्ट्याला जोराने खाली ढकलते. चौथ्या टप्प्यात जळून उरलेला वायू बाहेर फेकला जातो. हा बाहेर फेकलेला वायू म्हणजेच गाडीचा धूर.

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण किती हवा लागते? एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळताना गाडी सुमारे ९ हजार लिटर हवा ओढून घेते. आपण ज्या हवेत श्वास घेतो, त्याच हवेत गाडीही श्वास घेते. आपल्या दोघांची हवा एकच आहे.

हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बरोबर असेल, तर पेट्रोल जवळजवळ पूर्ण जळते. त्यातून मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे पदार्थ तयार होतात. हवा कमी पडली, तर पेट्रोल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. पेट्रोलचे काही कण न जळताच बाहेर पडतात. इंजिनात उष्णता फार वाढली, तर हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यांच्यामुळे छातीचे विकार वाढतात. डिझेलच्या गाडीतून याशिवाय काजळीचे अतिशय बारीक कण निघतात. ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. न जळता बाहेर पडलेले पेट्रोल म्हणजे हवेतले विष तर आहेच. शिवाय ते चालकाच्या खिशातले पैसेही आहेत. चाचांच्या जुन्या रिक्षाचे इंजिन दोन टप्प्यांचे होते. अशा इंजिनात ताजे मिश्रण आत येते, त्याच वेळी जळलेला वायू बाहेर जात असतो. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच निसटून जाई. अशा इंजिनासाठी पेट्रोलमध्ये वंगणाचे तेलही मिसळावे लागे. तेही जळून जाई. गल्लीत दिसणारा तो निळसर धूर म्हणजे अर्धेमुर्धे जळलेले तेल होते. पुढे चाचांनी चार टप्प्यांच्या इंजिनाची रिक्षा घेतली, तेव्हा धूर कमी झाला आणि त्याच पेट्रोलमध्ये रिक्षा जास्त अंतर जाऊ लागली. चाचा खूश होऊन म्हणाले, "बेटा, आता रिक्षा कमी खाते आणि कमी खोकते!"

हा फरक किती मोठा असतो, त्याचा हिशेब करू. समजा, एक रिक्षा रोज १०० किलोमीटर चालते. तिचे ॲव्हरेज लिटरला २० किलोमीटर असेल, तर रोज ५ लिटर पेट्रोल लागेल. ॲव्हरेज २५ झाले, तर ४ लिटर पुरेल. रोज एक लिटर वाचले, तर वर्षातील ३०० दिवसांत ३०० लिटर पेट्रोल वाचेल. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एकाच रिक्षाच्या बचतीमुळे वर्षाला सुमारे ६९० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबेल. पृथ्वीचे तापमान वाढवणारा हाच तो वायू होय.

येथे तुम्ही विचाराल, की एक लिटर पेट्रोलचे वजन तर पाऊण किलोसुद्धा भरत नाही. मग त्यातून २.३ किलो वायू कसा निघेल? प्रश्न चांगला आहे. पेट्रोलमधील कार्बन जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. त्या ऑक्सिजनचे वजन त्यात मिळते. म्हणून वायूचे वजन पेट्रोलच्या तिप्पट भरते.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. पेट्रोल नीट जाळा, म्हणजे पैसेही वाचतील आणि हवाही स्वच्छ राहील. परंतु बचत आणि स्वच्छता या नेहमीच हातात हात घालून चालतात असे नाही. कधी कधी त्यांचे भांडणही होते. शिशाची गोष्ट तशीच आहे.

मिश्रण जितके जास्त दाबावे, तितके त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते. पण फार दाबले तर पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांना असे आढळले, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळले, तर हे ठोके थांबतात. उपाय स्वस्त होता. काही वर्षांतच जगभर शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. गाड्या जोरात पळू लागल्या. पण धुराबरोबर शिसेही हवेत पसरू लागले. शिसे हे विष आहे. ते विशेषतः लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते.

क्लेअर पॅटरसन नावाचे एक शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय मोजण्याचे काम करत होते. त्यासाठी त्यांना खडकातील शिशाचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजावे लागे. पण प्रयोगशाळेत जिकडे पाहावे तिकडे शिसेच सापडे. हवेत शिसे, धुळीत शिसे. हे शिसे आले कोठून, याचा शोध घेताना ते गाड्यांच्या धुरापर्यंत पोहोचले. १९६५ साली त्यांनी आपले म्हणणे जगापुढे मांडले. शिशाचा व्यापार करणाऱ्यांनी त्यांना विरोध केला. तरी ते मागे हटले नाहीत. भारतात १९९५ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात सर्वांत शेवटी २०२१ साली अल्जीरिया या देशात ते बंद झाले. एक चूक सुधारायला शंभर वर्षे लागली!

शिसे बंद करण्यामागे आणखी एक कारण होते. १९७५ पासून अमेरिकेतील नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे एक उपकरण बसवले जाऊ लागले. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. सायलेन्सरच्या आधी धुराच्या नळीत ते बसवलेले असते. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. गरम धूर त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले पेट्रोल जळून जाते आणि पुढे सुधारलेल्या उपकरणात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. हे धातू स्वतः मात्र खर्च होत नाहीत. परंतु शिसे त्या थरावर बसले, की उपकरण निकामी होते. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आवश्यक ठरले.

या उपकरणाला आणखी एक गोष्ट लागते. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण सतत अचूक असावे लागते. जुन्या गाड्यांत हे काम कार्बोरेटर करत असे. मिस्त्री पेचकसाने स्क्रू फिरवून, कान लावून, अंदाजाने ते जुळवत. आता धुराच्या नळीत बसवलेला एक लहानसा संवेदक धुरातील ऑक्सिजन मोजतो आणि एक छोटा संगणक त्याप्रमाणे पेट्रोलचे बारीक फवारे सोडतो. मिस्त्रींच्या कानाचे काम संवेदक करू लागला.

पण चांगले यंत्र मिळाले, म्हणून सर्वजण ते आपण होऊन वापरतील असे नाही. त्यासाठी कायदा लागतो. दिल्लीच्या दूषित हवेविषयी एम. सी. मेहता या वकिलांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर चालवाव्यात. सीएनजी म्हणजे टाक्यांत प्रचंड दाबाने भरलेला नैसर्गिक वायू. तो जळताना काजळी जवळजवळ होतच नाही.

आदेश देणे सोपे होते. पाळणे कठीण होते. मुदत आली, तरी पुरेशा बसगाड्या तयार नव्हत्या. वायू भरण्याची केंद्रे थोडी होती. रिक्षा आणि बसगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. चालकांचा धंदा बुडू लागला. प्रवाशांचे हाल झाले. स्वच्छ हवा सर्वांना हवी होती. पण तिची किंमत आधी गरीब चालकांनी मोजली, हे विसरून चालणार नाही. तरीही न्यायालय आपल्या निर्णयावर ठाम राहिले. २००२ च्या अखेरीस दिल्लीतील डिझेलच्या शहर बसगाड्या रस्त्यावरून गेल्या. शहराची काजळी कमी झालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे मात्र वाहनांची संख्या इतकी वाढली, की हा फायदा पुष्कळसा नाहीसा झाला. प्रत्येक गाडी थोडी स्वच्छ झाली आणि गाड्या कितीतरी पटींनी वाढल्या, तर हवा स्वच्छ कशी राहणार?

मुंबईतही टॅक्सी आणि रिक्षा हळूहळू सीएनजीवर आल्या. आमच्या चाचांच्या रिक्षातही पुढे वायूची टाकी बसली. पहिले काही दिवस ते कुरकुरत. "रांगेतच अर्धा दिवस जातो," असे म्हणत. महिन्याचा हिशेब केला, तेव्हा मात्र इंधनाचा खर्च कमी झालेला दिसला. मग कुरकुर थांबली.

गाडीने किती धूर सोडावा, याच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. भारतात त्यांना 'भारत स्टेज' म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना सहावी पायरी लागू झाली. विशेष म्हणजे चौथ्या पायरीवरून पाचवी गाळून आपण एकदम सहावीवर उडी घेतली. त्यासाठी इंधनही बदलावे लागले. पूर्वी इंधनाच्या १० लाख भागांत गंधकाचे ५० भाग चालत. आता फक्त १० चालतात. वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक महत्त्वाची संस्था आपल्या पुण्यात आहे. तिची स्थापना १९६६ साली झाली. 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' असे तिचे नाव आहे.

तपासणी महत्त्वाची असते. पण त्याहून महत्त्वाची असते सचोटी. २०१५ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन या प्रसिद्ध कंपनीची लबाडी उघडकीला आली. तिच्या काही डिझेल गाड्यांतील संगणकाला तपासणी चालू असल्याचे ओळखता येत असे. तेवढ्या वेळेपुरता गाडीचा धूर स्वच्छ निघे. रस्त्यावर आल्यावर मात्र तीच गाडी मर्यादेच्या कितीतरी पट विषारी वायू सोडत असे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला. तेव्हा ही तफावत प्रथम दिसली. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही युक्ती केलेली होती. परीक्षेपुरता अभ्यास करणारा विद्यार्थी आणि परीक्षेपुरती स्वच्छ राहणारी गाडी, दोघांचीही कसोटी पुढे खऱ्या रस्त्यावरच लागते.

अलीकडे गाड्यांत आणखी बदल होत आहेत. साधे पेट्रोल इंजिन इंधनातील शक्तीचा फार तर चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्यासाठी वापरू शकते. बाकीची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. ब्रेक लावला, की मिळवलेली गतीही उष्णता होऊन जाते. १९९७ साली जपानच्या टोयोटा कंपनीने 'प्रियस' ही गाडी बाजारात आणली. तिच्यात पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटरही होती. ब्रेक लावताना तीच मोटर उलट काम करून वीज तयार करी आणि ती बॅटरीत साठवी. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीला तर धुराची नळीच नसते. मुंबईत २०२३ साली विजेवर चालणाऱ्या दुमजली बसगाड्या धावू लागल्या. त्याच वर्षी जुन्या डिझेलच्या दुमजली बसगाड्यांनी मुंबईचा निरोप घेतला. २०२४ साली पुण्यात बजाज कंपनीने सीएनजीवर चालणारी मोटरसायकलही आणली.

मात्र येथेही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. विजेच्या गाडीतून धूर निघत नाही. पण आपल्या देशातील बरीचशी वीज अजूनही कोळसा जाळून तयार होते. तेथे धूर निघतोच. सूर्य आणि वारा यांपासून जितकी जास्त वीज मिळेल, तितकी ही गाडी खऱ्या अर्थाने स्वच्छ होईल.

मुलांनो, तुम्ही अजून गाडी चालवत नाही. तरी तुम्हांला पुष्कळ करता येईल. घरी स्कूटर असेल, तर चाकांत हवा पुरेशी आहे का, हे अब्बांना आठवणीने विचारा. हवा कमी असली, की इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करायला सांगा. धूर तपासणीचे प्रमाणपत्र संपले नाही ना, ते पाहा. जवळ जायचे असेल, तर पायी किंवा सायकलने जा. दूर जायचे असेल, तर बसने जा. पन्नास माणसे एका बसमध्ये बसली, तर रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या कमी होतात.

चाचा आता रिक्षा चालवत नाहीत. त्यांचा मुलगा चालवतो. खोकला मात्र चाचांच्या छातीतून पूर्णपणे गेला नाही. संध्याकाळी ते दारात खुर्ची टाकून बसतात. मुलाची रिक्षा गल्लीत येते, तेव्हा ते आधी तिच्या मागे पाहतात. धूर दिसत नाही. मग ते हसून म्हणतात, "मला उशीर झाला, याला झाला नाही."

शब्दार्थ

दट्ट्या – इंजिनात वरखाली सरकणारा भाग
वंगण – यंत्र सहज फिरावे म्हणून घातलेले तेल
काजळी – धुरातील काळे बारीक कण
संयुग – दोन किंवा अधिक पदार्थ मिळून झालेला पदार्थ
संवेदक – बदल ओळखणारे लहान उपकरण
दाद मागणे – न्याय मागणे
सचोटी – प्रामाणिकपणा
तफावत – फरक

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चार टप्प्यांचे इंजिन कोणी तयार केले?
(आ) पेट्रोलमध्ये शिसे का मिसळत असत?
(इ) दिल्लीतील बसगाड्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने कोणता आदेश दिला?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) दोन टप्प्यांच्या इंजिनामुळे चाचांचे कोणते नुकसान होत होते?
(आ) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम कसे चालते?
(इ) 'विजेची गाडीही पूर्णपणे स्वच्छ नाही,' असे लेखक का म्हणतो?

३. कारणे द्या.
(अ) दिल्लीतील हवेची सुधारणा फार काळ टिकली नाही.
(आ) सीएनजीबद्दलची चाचांची कुरकुर थांबली.

४. हवा, कायदा, हिशेब, नुकसान, तफावत हे शब्द मराठीप्रमाणे उर्दूतही थोड्याफार फरकाने आढळतात. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. 'मला उशीर झाला. याला झाला नाही,' या चाचांच्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या रिक्षाचालकाची भेट घ्या. रिक्षा रोज किती किलोमीटर चालते व किती इंधन लागते, ते विचारून तिचे ॲव्हरेज काढा.